ईडिथ व्हार्टन आणि जुनें न्यूयॉर्क

अमेरिकेचें नांव निघालें कीं, गगनचुंबी इमारती, मोटारी आणि अवाढव्य कारखाने आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. तेथील समाज मोकळा, रूढींना न जुमानणारा, असाही आपला समज असतो. परंतु याच अमेरिकेंत, न्यूयॉर्क शहरांत, एके काळीं असा एक लहानसा समाज नांदत होता कीं, मेजवानीच्या वेळीं कोणी कोणाशेजारीं बसावें, कोणाच्या घरीं भेटीस जावें, इतकेंच काय, पॅरिसहून आणविलेला नवा पोषाख किती दिवस पेटींत ठेवून मग अंगावर घालावा, याचेही त्यांत अलिखित नियम होते. ‘चार लोक काय म्हणतील’ ही आपल्याकडील धास्ती त्या समाजालाही होती. मात्र तेथें हे ‘चार’ लोक चारशें होते. उच्चभ्रू न्यूयॉर्कमध्यें मोजण्याजोगीं माणसें अवघीं ४०० आहेत, असें त्या वर्तुळाच्या एका मुखियानें १८८८ सालीं वृत्तपत्रास सांगितलें होतें. या समाजाचें अंतरंग ज्यांनीं कादंबरींत उतरविलें, त्या ईडिथ व्हार्टन यांचा परिचय आज करून घेऊं.

व्हार्टनबाईंचा जन्म २४ जानेवारी १८६२ रोजीं न्यूयॉर्क येथें झाला. माहेरचें आडनांव जोन्स. घराणें जुनें आणि सुखवस्तु. मुलीला शाळेंत घालण्याची चाल नव्हती; शिक्षिका घरींच ठेवलेली असे. खरें शिक्षण झालें तें वडिलांच्या ग्रंथसंग्रहांत. मात्र लग्न होईपर्यंत कादंबरी वाचावयाची तर आईची परवानगी घ्यावी लागे. १९३४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘अ बॅकवर्ड ग्लान्स’ या आत्मचरित्रांत त्यांनीं एक आठवण दिली आहे. अकरा वर्षांच्या असतां त्यांनीं एक गोष्ट लिहावयास घेतली. तींतील एक बाई अवचित आलेल्या पाहुणीस म्हणते कीं, आपण येणार हें ठाऊक असतें तर मीं दिवाणखाना आवरून ठेवला असता. मुलीनें हौसेनें तें लिखाण आईला दाखविलें. आईनें थंडपणें उत्तर दिलें कीं, दिवाणखाने नेहमींच आवरलेले असतात.

त्या उत्तरांत तो सगळा समाज आहे. त्याच्या दिवाणखान्यांत पसारा नसे; असला तरी तो कोणास दिसत नसे, आणि दिसला तरी त्याविषयीं कोणी बोलत नसे. व्हार्टनबाईंनीं आपल्या उत्तम कादंबऱ्यांतून दाखविला तो हाच न बोललेला पसारा.

१८८५ सालीं बोस्टनच्या एडवर्ड व्हार्टन यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. पति बारा वर्षांनीं वडील. त्यांस घोड्यांची व कुत्र्यांची आवड, ग्रंथांची नाहीं. बाईंचें मन मात्र हळूहळू लेखनाकडे वळलें. १८९७ सालीं ऑग्डन कॉडमन या वास्तुतज्ज्ञाबरोबर त्यांनीं गृहशोभनावर एक पुस्तक लिहिलें. १९०२ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांत लेनॉक्स येथें ‘द माउंट’ नांवाचें स्वतःचें घर त्यांनीं बांधून घेतलें. त्याच वर्षीं त्यांची पहिली मोठी कादंबरी निघाली. ती होती अठराव्या शतकांतील इटलीविषयीं. ती वाचून हेन्री जेम्स या ज्येष्ठ कादंबरीकारानें त्यांस सल्ला दिला कीं, दूरचा काळ व दूरचा देश सोडा. जें न्यूयॉर्क तुम्ही जगलां, तेंच लिहा.

तें न्यूयॉर्क १९०५ सालीं ‘द हाऊस ऑफ मर्थ’ या कादंबरींत अवतरलें. नांवाचा अर्थ ‘हास्यविनोदाचें घर’. मूर्खांचें चित्त अशा घरीं रमतें, या आशयाच्या बायबलांतील वचनावरून तें घेतलें आहे. नायिका लिली बार्ट. वय २९, रूप असामान्य, आवडीनिवडी उंची, आणि हातांत पैसा नाहीं. श्रीमंतांत वावरावयाचें तर पोषाख हवेत, पत्त्यांच्या डावावर पैसे लावावयास हवेत. आणि हें सारें चालविण्यासाठीं श्रीमंत नवरा मिळविणें हा एकच धंदा तिला शिकविलेला. परंतु असा नवरा हातीं येतो असें दिसलें कीं, ऐन वेळीं तिचें मन कच खातें. एका मैत्रिणीचा नवरा, तुझे पैसे बाजारांत गुंतवून नफा मिळवून देतों असें भासवून, स्वतःचेच सुमारें ९,००० डॉलर तिला देतो आणि मागाहून त्यांचा मोबदला मागूं लागतो. दुसरी एक श्रीमंत मैत्रीण, आपलें प्रेमप्रकरण झांकण्यासाठीं, माँटे कार्लो येथें चारचौघांदेखत लिलीला आपल्या नौकेवर परत येण्यास मनाई करते. मंडळींना खरें काय तें ठाऊक असतें. पण पैसेवाल्या बाईचें खोटें मानणें सर्वांच्याच सोयीचें असतें. बदनामी ऐकून आत्याही मृत्युपत्रांत तिला केवळ १०,००० डॉलर ठेवते.

त्या श्रीमंत मैत्रिणीचीं जुनीं प्रेमपत्रें लिलीच्या हातीं आलेलीं असतात. त्यांची नुसती धमकी दिली तरी गेलेली प्रतिष्ठा परत मिळेल. पण तीं पत्रें लिहिलेलीं असतात लिलीला जो मनापासून आवडतो त्या पुरुषास. ती तीं जाळून टाकते. आत्याकडून मिळालेल्या पैशांतून ९,००० चें देणें फेडण्याची व्यवस्था करते, आणि त्याच रात्रीं भाड्याच्या खोलींत झोपेच्या औषधाची मात्रा अधिक होऊन मरण पावते. जिला समाजानें हीन ठरविलें तिचा हिशेब चोख निघतो; ज्यांनीं ठरविलें त्यांचें देणें मात्र कोणी मागत नाहीं. वर्ष संपण्यापूर्वी या पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रती निघाल्या.

बाईंच्या संसाराची घडी मात्र विस्कटत चालली होती. पतीची मनःस्थिति बिघडली. पत्नीच्या मिळकतींतील पैसाही त्यांनीं परस्पर उडविला. ‘द माउंट’ विकलें गेलें. १९१३ सालीं, वयाच्या ५१ व्या वर्षीं, बाईंनीं घटस्फोट घेतला आणि पुढें फ्रान्समध्येंच कायम वास्तव्य केलें. १९१४ सालीं महायुद्ध पेटतांच काम गेलेल्या स्त्रियांसाठीं त्यांनीं पॅरिसमध्यें शिवणकामाची सोय केली, निर्वासितांसाठीं वसतिगृहें चालविलीं, फ्लँडर्समधील मुलांना आश्रय मिळवून दिला. या कार्याबद्दल १९१६ सालीं फ्रेंच सरकारनें त्यांस ‘लीजन ऑफ ऑनर’ हा बहुमान दिला.

युद्धानें जुनें जग नाहींसें झाल्यावर त्यांनीं पुन्हां बालपणींच्या न्यूयॉर्ककडे दृष्टि वळविली. १९२० सालची ‘दि एज ऑफ इनोसन्स’, म्हणजे निष्पापपणाचें युग, ही त्यांची परिपक्व कृति. न्यूलंड आर्चर या तरुण वकिलाचा मे वेलंड या कुलीन मुलीशीं विवाह ठरलेला आहे. तिची मामेबहीण एलेन नवऱ्याला सोडून युरोपांतून परत येते आणि घटस्फोट मागते. तिला परावृत्त करण्याचें काम आर्चरवर सोंपविलें जातें. तो तें पार पाडतो आणि तिच्याच प्रेमांत पडतो. त्याच्या लग्नानंतरही हें प्रेम मावळत नाहीं. तेव्हां तो समाज काय करतो? कोणी जाब विचारीत नाहीं, कोणी आवाज चढवीत नाहीं. भोळी समजली जाणारी मे, आपण गरोदर आहों असें, स्वतःची खात्री होण्यापूर्वीच एलेनला सांगून टाकते, आणि एलेन युरोपास परत जाण्याचें ठरविते. मग मे मोठ्या थाटानें निरोपाची मेजवानी देते. त्या मेजवानींत आर्चरच्या ध्यानांत येतें कीं, सर्व आप्तेष्टांनीं आपल्याला केव्हांच अपराधी ठरविलें असून, ही हंसतमुख पंगत म्हणजेच शिक्षेची अंमलबजावणी आहे.

या कादंबरीला १९२१ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. कादंबरीसाठीं तें मिळविणाऱ्या व्हार्टनबाई पहिल्या स्त्री. परीक्षकांची शिफारस होती सिंक्लेअर लुईस यांच्या ‘मेन स्ट्रीट’ची, ती डावलून कोलंबिया विद्यापीठाच्या विश्वस्तांनीं हा निर्णय घेतला. अमेरिकन जीवनाचें निकोप वातावरण दाखविणाऱ्या पुस्तकास हें पारितोषिक द्यावयाचें होतें. ज्या पुस्तकानें त्या निकोपपणाचें मोल उघड केलें त्यालाच तें मिळालें. हा उपरोध स्वतः बाईंच्याही लक्षांत आला, व लुईस यांस पत्र लिहून त्यांनीं आपली निराशा कळविली. लुईस यांनीं आपली पुढची कादंबरी ‘बॅबिट’ त्यांनाच अर्पण केली.

व्हार्टनबाई आपल्या वर्गाच्या दोषांपासून सर्वस्वी मुक्त होत्या असें नाहीं. नव्यानें धनवान झालेल्यांविषयींचा तिटकारा त्यांच्या लेखनांत ठायीं ठायीं दिसतो. ‘हाऊस ऑफ मर्थ’मधील रोझडेल या यहुदी व्यापाऱ्याचें चित्र तर त्या वर्गाच्या पूर्वग्रहांनींच रंगविलेलें आहे. शिवाय ११ ऑगस्ट १९३७ रोजीं फ्रान्समध्यें त्यांचें निधन झालें तेव्हां त्यांच्या आत्मचरित्रांत वाचकांस घटस्फोटाचा उल्लेखही सांपडत नव्हता. खाजगी कागदपत्रें पुढें येल विद्यापीठांत अभ्यासकांस खुलीं झालीं, आणि १९७५ सालीं आर. डब्ल्यू. बी. लुईस यांनीं लिहिलेल्या चरित्रानें मॉर्टन फुलर्टन या पत्रकारावरील त्यांचें उत्कट प्रेम उजेडांत आणलें. दुसऱ्यांचा पसारा दाखविणाऱ्या लेखिकेनें स्वतःचा दिवाणखाना आईच्या शिकवणीप्रमाणें आवरूनच ठेवला होता.

याला केवळ दांभिकपणा म्हणणें बरोबर होणार नाहीं. ‘एज ऑफ इनोसन्स’च्या अखेरीस सव्वीस वर्षें लोटलीं आहेत, मे निवर्तली आहे, आणि आर्चर मुलासह पॅरिसला आला आहे. मुलगा सांगतो कीं, आपल्यासाठीं तुम्हीं मनांतील मोठी इच्छा सोडून दिलीत, हें आई जाणून होती. एलेनचें घर समोर आहे. आतां वाटेंत कोणी उभें नाहीं. तरीही आर्चर खालीं बांकावर बसून राहतो आणि वर न जातां परततो. ज्या बंधनांनीं त्याचें सुख हिरावलें त्यांनींच त्याचें शीलही घडविलें होतें. रूढि माणसाला चिरडते आणि घडवितेही, या दोहोंचा हिशेब एकाच वहींत मांडण्याचें धैर्य व्हार्टनबाईंनीं दाखविलें. जुनें न्यूयॉर्क केव्हांच लयास गेलें. परंतु जेथें घराण्याच्या प्रतिष्ठेपायीं एखाद्याचें दुःख न बोलतां गिळलें जातें, तेथें या कादंबऱ्या परक्या वाटणार नाहींत.