साक्षीदार सभागृहात

अमेरिकेच्या राज्यघटनेने परदेशात जन्मून पुढे नागरिक झालेल्या माणसाला राष्ट्राध्यक्षपदाचा दरवाजा कायमचा बंद केला आहे. प्रतिनिधिगृहाचा दरवाजा मात्र सात वर्षांच्या नागरिकत्वानंतर उघडतो. त्यातून १९५७ मध्ये पंजाबातल्या छज्जलवाडीचे दलिपसिंग सौंद आत गेले, २०२३ मध्ये बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार गेले. बुडापेस्टचे टॉम लँटोस १९८१ च्या जानेवारीत गेले आणि ११ फेब्रुवारी २००८ ला मृत्यू आला तेव्हाही सदस्यच होते. नाझींच्या ज्यू वंशसंहारातून वाचून अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेला हा एकमेव माणूस. साहजिकच त्यांचे चरित्र निर्वासिताच्या यशाची कहाणी म्हणून सांगितले जाते. तेवढ्यावर थांबले तर त्यातला महत्त्वाचा भाग हातातून निसटतो, असे मला वाटते. लँटोस अंगावर एक साक्ष घेऊन सभागृहात आले होते. अशा साक्षीचे मोल मोठे असतेच. पण कायदेमंडळात तिला कागदाचा आणि उलटतपासणीचा आधार लागतो. त्यांच्या सत्तावीस वर्षांत या दोन्ही गोष्टींचे पुरावे सापडतात.

१ फेब्रुवारी १९२८ चा त्यांचा जन्म. १९४४ च्या मार्चमध्ये जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. सक्तमजुरीच्या छावणीत त्यांची रवानगी झाली. तिथून पळाले, पकडले गेले, बेदम मार खाल्ला आणि पुन्हा पळाले. त्या जुलैत स्वीडनचा राजनैतिक अधिकारी राऊल वॉलेनबर्ग बुडापेस्टला आला होता. निळ्या-पिवळ्या रंगाचे, वर तीन मुकुटांचे चिन्ह असलेले संरक्षणपत्र तो ज्यूंच्या हाती देई आणि स्वीडनच्या नावाने भाड्याने घेतलेल्या घरांत त्यांना ठेवी. अशाच एका घरात लँटोसना आसरा मिळाला. सोनेरी केस, निळे डोळे आणि अंगावर लष्करी कॅडेटचा गणवेश, त्यामुळे कुणाला संशय येत नसे; त्या वेषात ते लपलेल्या लोकांपर्यंत अन्न आणि औषधे पोचवत. युद्ध संपल्यावर कळले की आई आणि बहुतेक नातलग गेले. १९४७ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेला गेले, बर्कलीहून अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेतली आणि सॅन फ्रान्सिस्कोत पुष्कळ वर्षे प्राध्यापकी केली. निवडणूक जिंकली ती वयाच्या बावन्नाव्या वर्षी.

सदस्य झाल्यावर त्यांनी मांडलेले पहिले विधेयक वॉलेनबर्गसाठी होते. १९४५ च्या जानेवारीत सोव्हिएत फौजांनी त्याला ताब्यात घेतले, त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. लँटोस यांनी त्याच्या नावाने पुतळा किंवा टपाल तिकीट मागितले नाही; मानद नागरिकत्व मागितले. तोवर हा मान फक्त विन्स्टन चर्चिल यांना मिळाला होता. त्यामागे सरळ कायदेशीर विचार होता: आपला नागरिक कुठे आहे, हे अमेरिका मॉस्कोला अधिकाराने विचारू शकते. ऑक्टोबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांची सही झाली. कृतज्ञतेला कायद्याच्या कलमाचे रूप देणारी ही कामगिरी मला त्यांच्या साऱ्या भाषणांहून मोलाची वाटते.

आता दुसरी बाजू. १९८३ मध्ये जॉन पोर्टर या रिपब्लिकन सदस्याबरोबर त्यांनी मानवी हक्कांसाठी एक गट स्थापन केला. ती काही सभागृहाची समिती नव्हती. १० ऑक्टोबर १९९० रोजी या गटापुढे पंधरा वर्षांची एक कुवेती मुलगी उभी राहिली. कुवेत व्यापणाऱ्या इराकी सैनिकांनी इस्पितळातल्या काचपेट्यांतून अर्भके काढून फरशीवर मरायला टाकली, हे आपण डोळ्यांनी पाहिले, असे तिने रडत सांगितले. कुवेतमधल्या नातलगांच्या सुरक्षिततेसाठी तिचे आडनाव गुप्त ठेवल्याचे सांगण्यात आले. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश ती हकिकत जागोजागी सांगत राहिले, आणि जानेवारीत सिनेटने इराकविरुद्धच्या युद्धाला ५२ विरुद्ध ४७ मतांनी मंजुरी दिली. वर्षभराने उघड झाले की ती कुवेतच्या अमेरिकेतील राजदूताची मुलगी होती आणि तिची साक्ष एका जनसंपर्क कंपनीने बसवून घेतली होती. काचपेट्यांच्या त्या हकिकतीला पुढे आधार मिळाला नाही. औपचारिक समिती नसल्यामुळे तिथे शपथही नव्हती. इराकी फौजेने कुवेतमध्ये खरोखर अत्याचार केले होते, हा बचाव केला जातो आणि ते खरेही आहे. म्हणूनच ही चूक अधिक लागते: खोटी साक्ष उघडी पडली की खऱ्या साक्षीदारांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. वंशसंहार नाकारणारे याच फटीची वाट पाहत असतात, हे लँटोसना इतरांहून जास्त ठाऊक असायला हवे होते.

सतरा वर्षांनंतर, ६ नोव्हेंबर २००७ रोजी, ते परराष्ट्र व्यवहार समितीच्या अध्यक्षपदी होते. समोर याहूचे संस्थापक जेरी यांग बसले होते. ते तैवानमध्ये जन्मलेले, म्हणजे दोघेही स्थलांतरित. शी ताओ या चिनी पत्रकाराने आपल्या याहू ईमेलवरून सरकारी सेन्सॉरचा आदेश परदेशी पाठवला होता. कंपनीने त्याची माहिती पोलिसांना दिली आणि त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. प्रकरण कशाचे आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे कंपनीने २००६ मध्ये काँग्रेसला सांगितले होते. पण पोलिसांच्या मागणीपत्रात राज्याच्या गुपितांचा उल्लेख होता, हे कागद पुढे आल्यावर दिसले. लँटोस यांनी त्या कागदावरच बोट ठेवले. मग पहिल्या रांगेत बसलेल्या शी ताओच्या आईकडे वळून माफी मागा, असे त्यांनी यांगना सांगितले. यांग वळले आणि वाकले. आठवड्याभरात कंपनीने कुटुंबीयांशी तडजोड केली. इथेही एका आईचे अश्रू होते, पण त्यांच्याआधी कागद टेबलावर होता.

ज्याने एकच नरक पाहिला त्याला सगळीकडे तोच दिसतो, हा त्यांच्यावरचा खरा आक्षेप. २००२ मध्ये त्यांनी इराक युद्धाच्या बाजूने मत दिले, इस्रायलची पाठराखण कधी सोडली नाही, आणि इराणच्या प्रश्नावर २००५ मध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांविषयी फार कडवट बोलले. पहिल्या दोन बाबतींत आक्षेपात तथ्य आहे. पण भारताच्या बाबतीत पुढच्याच वर्षी ते हेन्री हाइड या सहसदस्याबरोबर अणुसहकार्य विधेयकाचे सहप्रस्तावक झाले. २६ जुलै २००६ ला हे विधेयक प्रतिनिधिगृहात ३५९ विरुद्ध ६८ मतांनी मंजूर झाले. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या इंधनासाठी भारताला किती हेलपाटे घालावे लागले, हे आठवणाऱ्यांना त्या आकड्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. भूतकाळाने ते पुरते बांधले गेले असते तर एका वर्षात असे वळले नसते.

त्यांच्या निधनानंतर, सप्टेंबर २००८ मध्ये, प्रतिनिधिगृहाने ठराव करून त्या मानवी हक्क गटाला अधिकृत आयोगाचा दर्जा दिला आणि त्याला टॉम लँटोस यांचे नाव दिले. वॉलेनबर्गचे काय झाले, या प्रश्नाला मॉस्कोकडून पटेल असे उत्तर आलेच नाही. २०१६ मध्ये स्वीडनने त्याला कायद्याने मृत घोषित केले.