श्रमदान आणि बेकारीचा भत्ता

भाताची झोडणी आटोपली, की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांवर दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. ओढ्याचं पाणी आटण्याआधी मातीची पोती रचून वनराई बंधारा घालायची घाई होते. आणि घरोघर विचार सुरू होतो, की आता मजुरी कुठं? कुणी रोजगार हमीचं काम मागतो, कुणी मुलाबाळांसकट वीटभट्टीची वाट धरतो.

अशाच एका बंधाऱ्यावर आमच्या विद्यार्थ्यांबरोबर पोती भरणाऱ्या एका तरुणानं मला विचारलं, "सर, काम मागून बारा दिवस झाले. मिळालं नाही तर भत्ता मागणार आहे. पण मी इथं खपताना साऱ्यांनी पाहिलंय. 'तू कुठं बेकार होतास?' असं म्हणाले तर?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर कायद्यातच सापडतं.

रोजगार हमी ही मूळची महाराष्ट्राची कल्पना. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून ती आकाराला आली, 1972 साली राज्यात योजना सुरू झाली, आणि 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. पुढं 2005 मध्ये संसदेनं देशासाठी कायदा केला. काम मागितल्यापासून 15 दिवसांत ते मिळालं नाही, तर बेकारीचा भत्ता द्यावा, असं त्यात ठरलं : वर्षातले पहिले 30 दिवस मजुरीच्या निदान चौथाई आणि पुढं निदान निम्मा. डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात हमी 125 दिवसांची झाली. 15 दिवसांची मुदत आणि भत्ता ही तत्त्वं मात्र राहिली.

आता असं पाहा, हा भत्ता कधी मिळत नाही? 2005 च्या कायद्यानं कारणं मोजून सांगितली होती. दिलेलं काम नाकारलं; बोलावणं आल्यावर 15 दिवसांत हजर झाला नाही; किंवा परवानगीवाचून आठवड्याहून अधिक गैरहजर राहिला, तर तीन महिने भत्ता नाही. घराचे हमीचे दिवस भरले, तरी तो थांबे. 'गावासाठी श्रमदान केलं' हे कारण त्या यादीत नव्हतं.

आणि ते असावं तरी का? भत्ता हा न मिळालेल्या मजुरीबद्दल असतो. श्रमदान करणाऱ्याला मजुरी मिळत नाही. त्याची चूल पोती भरून पेटत नाही. गावासाठी दोन दिवस दिले म्हणून तो नोकरदार ठरत नाही.

तरीही तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, हमीच्या कामाचं बोलावणं आलं, की श्रमदान सोडून तिथं हजर व्हा. 'बंधाऱ्यावर होतो' ही सबब चालायची नाही. दुसरी, श्रमदानाचे दिवस हमीच्या हजेरीपटावर चढवू देऊ नका. तसं झालं, तर कागदावर तुम्हाला काम मिळालेलं दिसेल, आणि मग भत्ता कशाचा मागणार? तिसरी सर्वांत महत्त्वाची. श्रमदान राजीखुशीचं असतं. मजुरीचं मंजूर काम कुणी श्रमदानाच्या नावाखाली फुकट करवून घेऊ लागला, तर ती वेठ झाली, आणि वेठीला आपल्या राज्यघटनेच्या 23 व्या कलमानं बंदी घातली आहे.

शिक्षक मित्रहो, इथं तुमची गरज आहे. पाड्यावरचा माणूस ग्रामपंचायतीत जाऊन तोंडी काम मागतो आणि परत येतो. तोंडी मागणीचे 15 दिवस मोजायचे कुणी आणि कसे? त्याला अर्ज लिहून द्या. तारीख घातलेली पोच घ्यायला लावा, आणि ती जपून ठेवायला सांगा. त्या वेळचे दर आणि अटी पंचायतीत विचारून घ्या. काम किंवा भत्ता वेळेवर मिळाला, तर एखादं कुटुंब भट्टीवर जायचं थांबेल आणि त्याची मुलं तुमच्या वर्गात राहतील.

त्या तरुणाला मी एवढंच विचारलं, "अर्जाची पोच आहे ना?" त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढून दाखवला. "मग पोती भर," मी म्हटलं, "आणि सोळाव्या दिवशी भत्त्याचा अर्ज दे."