आपल्या मुलींना बारीक आणि ‘मोठी’ कोण करतेय?

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचे फोटो दरवर्षी घरोघरच्या मोबाईलवर फिरतात. त्यातले बारा-तेरा वर्षांच्या मुलींचे फोटो जरा थांबून पाहा. पांढरी साडी, निळा फेटा, हातात झेंडा, सगळे आपले ओळखीचे. पण चेहरा ओळखीचा वाटत नाही. गाल आत गेलेले, हनुवटी टोकदार, रंग उजळ, डोळे मोठे. मुलीने मुद्दाम काही केलेले असतेच असे नाही. अनेक मोबाईलमधला ‘ब्युटी मोड’ आधीपासूनच सुरू असतो आणि सातवीतल्या पोरीला तो वीस वर्षांची करून टाकतो. असे शंभर फोटो पाहिल्यावर तिला मोबाईल खरा वाटू लागतो आणि घरातला आरसा खोटा.

कार्यकर्त्यांच्या बैठकीत हा विषय निघाला की कोणीतरी हसून म्हणते, “पोरींचा नट्टापट्टा, त्यात काय बोलायचे?” शिष्यवृत्ती, वसतिगृह, ॲट्रॉसिटीच्या केसेस एवढे समोर असताना हे किरकोळ वाटणे समजू शकते. पण मुलगी डबा न खाता परत आणते, वजनाच्या भीतीने रात्री जेवत नाही, आठवीत असताना तिला “आता मोठी दिसायला लागली” म्हणून घरी बसवतात, तेव्हा तो नट्ट्यापट्ट्याचा विषय राहत नाही. तिचे अन्न, तिची शाळा आणि तिचे वय पणाला लागलेले असते.

बारीक असणे म्हणजेच सुंदर असणे, ही काही निसर्गाने सांगितलेली गोष्ट नाही. ती बाहेरून येते आणि किती झपाट्याने येते याचे एक चांगले नोंदलेले उदाहरण फिजी बेटांवरचे आहे. पॅसिफिक महासागरातल्या या देशात भरलेले, धडधाकट शरीर चांगले मानले जाई. कोणी वाळत चालले तर घरचे लोक काळजीत पडत, जेवायला घालत. १९९५ साली तिथल्या नाद्रोगा भागात टीव्ही पोचला. हार्वर्ड विद्यापीठाच्या ॲन बेकर यांनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी काढते असे सांगणारी मुलगी १९९५ मध्ये एकही नव्हती. तीन वर्षांनी अशा मुली ११.३ टक्के होत्या. आपण फार जाड आहोत असे वाटते, हे ७४ टक्के मुलींनी सांगितले. पाहणी लहान होती, दोन्ही वेळी साठ-पासष्ट मुली. तरीही त्या मुलींचे बोलणे विचार करायला लावणारे आहे. मालिकेतल्या बायकांसारखे दिसलो तर नोकरी मिळेल, पुढे जाता येईल, असे त्यांना वाटत होते. बारीक होणे हा त्यांना गरिबीतून वर जाण्याचा जिना वाटला. आपल्या वस्तीतल्या मुलींनाही नेमके हेच वाटते. म्हणून त्यांना “उथळ” म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे.

आपल्याकडेही आजीच्या तोंडी “अंगापिंडाने भरलेली” हे कौतुक होते आणि “हडकुळी” ही काळजी. आता “किती बारीक झालीस गं!” हे कौतुक झाले आहे.

फिजीत टीव्ही होता, तोही घरात एक आणि सगळ्यांचा. आज पडदा मुलीच्या हातात आहे आणि ती काय पाहते हे तो पाहत असतो. ‘सात दिवसांत पोट कमी’ असा एक व्हिडिओ तिने शेवटपर्यंत पाहिला की तसेच दहा पुढे येतात. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नलने फेसबुक कंपनीची अंतर्गत कागदपत्रे छापली. कंपनीत काम केलेल्या फ्रान्सेस हॉगेन यांनी ती बाहेर आणली होती. कंपनीच्याच संशोधकांनी लिहून ठेवले होते की स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटते, असे ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितले. आकड्यांचा अर्थ चुकीचा लावला जातो आहे, असे कंपनीचे म्हणणे पडले. पण मुलगी जितका वेळ स्वतःला कमी समजून पडद्याकडे पाहत राहील तितक्या जाहिराती विकल्या जातात, हा हिशेब त्यामुळे बदलत नाही.

न्यूनगंडाचा हा बाजार आपल्याला नवा नाही. १९७५ पासून या देशात ‘फेअर अँड लव्हली’ विकली गेली. काळ्या-सावळ्या मुलीला नोकरी नाही, नवरा नाही, ही तिच्या जाहिरातींची गोष्ट होती. २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आला. ट्यूब तीच दुकाने गाठते. रंगाची भीती विकून झाली, आता तिच्या जोडीला कंबर आली आहे.

शरीराचे साधे गणितही सांगायला हवे, कारण ते शाळेत घाईघाईने उरकले जाते. साधारण दहा ते चौदा या वयात मुलगी भराभर वाढते. उंची वाढते, हाडे भरतात, मांड्या-कंबरेवर चरबी येते. पाळी सुरू व्हायला आणि नियमित राहायला ही चरबी लागते. म्हणजे ज्या बदलाला ती “जाड होणे” समजून घाबरते, तो वाढीचा भाग आहे. त्याच वर्षांत जेवण तोडले तर पाळी लांबते किंवा थांबते, चक्कर येते, अभ्यासात लक्ष लागत नाही. आणि आपल्या मुली मुळात भरल्या ताटावरून उठलेल्या नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. शाळेत आठवड्याला दिली जाणारी लोहाची निळी गोळी त्यासाठीच आहे. अशा मुलीने ‘डाएट’ करणे म्हणजे उपाशी माणसाने उपवास धरणे.

बारीक होण्यासोबत दुसरी मागणी येते ती मोठे दिसण्याची. लहान मुलींचे कपडे मोठ्या बायकांच्या कपड्यांची छोटी आवृत्ती झाले आहेत. वाढदिवसाला आठ वर्षांच्या मुलीला लिपस्टिकचा सेट भेट मिळतो. बाजार तिला मोठी करतो आणि मग घर-समाज तिलाच त्याची शिक्षा देतो. “वयाने लहान असली तरी दिसत नाही” हे वाक्य छेड काढणाऱ्याच्या तोंडी असते, पोलीस ठाण्यात असते आणि चौदाव्या वर्षी लग्न उरकणाऱ्या नातेवाइकांच्या तोंडीही असते.

हे ओझे सगळ्या मुलींवर सारखे नसते. अमेरिकेतल्या जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात दिसले की पाच ते चौदा वयाच्या काळ्या मुलींना मोठी माणसे त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा कमी निरागस आणि जास्त ‘मोठ्या’ समजतात. त्यांना आधार कमी लागतो, असे गृहीत धरतात. आपल्याकडे धुणीभांडी करायला जाणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलीला मालकीण “बाई” म्हणते आणि स्वतःच्या सोळा वर्षांच्या मुलीला “बाळ”. बालपण कोणाला मिळावे हे इथे जात आणि वर्ग ठरवतो. बाजाराने ते आणखी आखूड करावे आणि आपण टाळ्या वाजवाव्यात, हे परवडणारे नाही.

यावर काही जणांचा उपाय तयार असतो: मुलींचे मोबाईल काढून घ्या, नटणे बंद करा. इथे थोडे थांबावे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांना सांगितले होते की अस्पृश्यतेची ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि ते जड दागिने टाकून द्या, चांगले नेसा, स्वच्छ राहा. चांगला कपडा अंगावर घालणे हा आपल्यासाठी हक्काचा विषय होता आणि त्यासाठी लोकांनी मार खाल्ला आहे. त्यामुळे आपल्या मुलीने नीटनेटके, झोकात राहणे ही लाजेची गोष्ट नव्हे. तिला विचारायचे ते एवढेच, की हे करताना आनंद होतो की भीती वाटते? न केल्यास वर्गात तोंड दाखवता येणार नाही असे वाटते का? त्या भीतीशी आपले भांडण आहे, तिच्या कपड्यांशी नाही. १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलींच्या लग्नाची घाई करू नका, असेही बजावले होते. मोठे दिसण्याच्या घाईलाही ते लागू पडते.

आणि उपाशी राहण्याबद्दल आपल्या परंपरेत सुजाता आहे. लाहोरच्या संग्रहालयात तपस्वी सिद्धार्थाची एक गांधार शैलीतली मूर्ती आहे. बरगड्या मोजता येतात, शिरा दिसतात, पोट पाठीला लागले आहे. देह झिजवून काही हाती लागत नाही हे कळल्यावर त्याने सुजाताने दिलेले अन्न घेतले. बरोबरचे पाच परिव्राजक रागावून निघून गेले, तरी घेतले. आपल्या घरोघरी सुजाता नावाच्या आत्या-मावश्या आहेत. धम्मवर्गात ही गोष्ट आपण सांगतो, पण समोर बसलेल्या नववीतल्या मुलीने सकाळपासून काही खाल्ले आहे का, हे विचारत नाही.

विहारात, महिला मंडळात करता येण्यासारखी कामे आहेत. पौर्णिमेच्या कार्यक्रमाला जोडून मुलींची हिमोग्लोबिन तपासणी ठेवता येते; प्राथमिक आरोग्य केंद्राला पत्र दिले तर माणूस येतो. जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाणे, एकत्र जेवायला टाळणे, पाळी थांबणे ही लक्षणे आयांना सांगता येतात. मुलगी फार खचली असेल तर टेली-मानसचा १४४१६ आणि लग्नाची घाई चालली असेल तर चाइल्डलाइनचा १०९८ हे क्रमांक फलकावर लिहिता येतात. लठ्ठपणा घालवणाऱ्या किंवा स्तनांचा आकार बदलणाऱ्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार जाहिरात कायद्याने बंदी आहे. रिक्षामागे किंवा केबलवर अशी जाहिरात दिसली तर फोटोसह अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायला वकील लागत नाही.

एक काम मात्र पूर्णपणे आपल्या हातातले आहे. आपलेच वधू-वर परिचय मेळावे आणि त्यांचे छापील फॉर्म. अनेक फॉर्मवर ‘वर्ण’ आणि ‘बांधा’ असे रकाने अजून असतात, मुलाच्या अपेक्षेत ‘गोरी, सडपातळ’ लिहिलेले असते, आणि वर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो असतो. घरातली धाकटी मुलगी ताईचा हा फॉर्म भरताना पाहते. पुढच्या मेळाव्याची छपाई व्हायच्या आत समितीच्या बैठकीत हे दोन रकाने काढायचा ठराव मांडा. कोण विरोध करते, तेही कळेल.