हरियाल : आपला राज्यपक्षी

कबुतर म्हटलं की मुलांना इमारतीवरचा राखाडी पारवाच आठवतो. पण महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल हासुद्धा कबुतराच्याच कुळातला, फक्त रानातला.

लांबी साधारण 33 सेंमी, रंग हिरवट-पिवळा, डोकं राखाडी, खांद्यावर जांभळट डाग आणि पाय हळदीसारखे पिवळे. पारव्यासारखा हा दाणे टिपत फिरत नाही, जमिनीवर क्वचितच उतरतो. वड, पिंपळ, उंबर यांची फळं थव्याने खातो. पानांत असा मिसळतो की झाड रिकामंच वाटतं! सकाळी मात्र उंच शेंड्यावर ऊन खात बसतो, तेव्हा मुलांना दाखवावा.

रस्त्याकडेचा जुना वड तोडला की हरियालाचं ताटच जातं. नवं रोप लावलं तरी फळं धरायला बरीच वर्षं लागतात. म्हणून शाळेजवळचे वड-उंबर मुलांना ओळखायला शिकवूया.