दत्तक नोंदी आणि मुळांचा शोध : कायदा नेमके काय देतो?

दत्तक गेलेल्या माणसाने मोठेपणी आपल्या जन्माची चौकशी सुरू केली की त्याला दोन टोकांची उत्तरे ऐकायला मिळतात. कोणी म्हणते, ‘त्या नोंदी सीलबंद असतात, जन्मात दिसायच्या नाहीत.’ कोणी म्हणते, ‘अठरा वर्षे पूर्ण झाली ना? मग अर्ज टाक, आईचे नाव-गाव हातात देतात.’ सातारा-सांगलीकडे ही दोन्ही उत्तरे सारख्याच खात्रीने दिली जातात आणि दोन्ही चुकीची आहेत. दोन्हींत गल्लत एकच : ‘दत्तकाची नोंद’ ही एकसंध गोष्ट धरली जाते. कायदा मात्र तिचे दोन भाग करतो. मूल संस्थेत कुठून, कोणत्या परिस्थितीत आले आणि पुढे कोणत्या मार्गाने दत्तक गेले, हा पहिला भाग. जन्म देणारी माणसे कोण, हा दुसरा. पहिल्या भागापर्यंत पोचण्याची वाट दत्तक व्यक्तीला मोकळी आहे. दुसऱ्या भागात समोरच्या माणसाच्या संमतीचा प्रश्न येतो. माझ्या मते ही विभागणी न्याय्य आहे. आपल्याकडे खरा अन्याय होतो तो पहिला भागही सांभाळून न ठेवल्यामुळे.

गैरसमज : मूळ शोधणे हे परदेशी खूळ आहे

आपल्या जुन्या दत्तकपद्धतीत मूळ लपवण्याची कल्पनाच नव्हती. सातारच्या गादीचाच इतिहास पाहा. रामराजांनी १७७७ मध्ये वावीच्या भोसल्यांच्या घरातला मुलगा दत्तक घेतला. तेच दुसरे शाहू, प्रतापसिंह महाराजांचे वडील. १८४८ मध्ये अप्पासाहेब महाराजांनी मृत्यूपूर्वी घेतलेले दत्तक डलहौसीने नामंजूर केले आणि राज्य खालसा झाले. त्या सगळ्या वादात मुलगा कोणाचा, हे कोणी झाकले नव्हते. वाद होता तो कंपनी सरकारने दत्तक मानायचे की नाही, एवढाच. सामान्य घरांतही दत्तकविधान भाऊबंद आणि गावकरी यांच्या साक्षीने होई. त्याला व्यवहारी कारण होते. जन्मघराण्याशी जुळणारे निषिद्ध विवाहसंबंध दत्तक गेल्यानंतरही निषिद्धच राहत. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या १२ व्या कलमात हा नियम आजही आहे. म्हणजे जन्मघराची आठवण राहील, हे कायद्याने गृहीतच धरले आहे.

गुप्तता आली ती वेगळ्या वाटेने. जोतीराव फुले यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण, सावित्रीबाईंचे नायगाव. या दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा विधवांना गुपचूप बाळंत होण्याची सोय देणे ही त्या कामाची पहिली अट होती. नाव फुटले तर त्या बाईला घर, जात आणि कधी जीवही गमवावा लागे. पंढरपुरात १८७५ मध्ये सुरू झालेल्या बालकाश्रमामागेही हीच गरज होती. पण याच फुले दांपत्याने काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला, वाढवला आणि तो दत्तक आहे हे जगापासून लपवले नाही. गुप्तता आईला वाचवण्यासाठी होती. मुलाला त्याच्याच जन्माविषयी अंधारात ठेवणे हा तिचा हेतू नव्हता. आजच्या नियमांची पारख करतानाही हाच निकष लावायला हवा.

गैरसमज : दत्तक नोंदी कायमच्या बंद असतात

लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ सालीच म्हटले होते की, परदेशी दत्तक गेलेल्या मुलाला जाणते झाल्यावर जन्मदात्यांविषयी माहिती द्यायला फारशी हरकत नसावी. अर्थात तेव्हा तो निर्णय दत्तक पालकांच्या मर्जीवर सोडला होता. पुढे भारताने २००३ मध्ये आंतरदेशीय दत्तकविषयक हेग कराराला मान्यता दिली. मुलाच्या मुळाविषयीची माहिती जपून ठेवण्याचे आणि देशाच्या कायद्यात बसेल तेवढी त्याला पाहू देण्याचे बंधन त्या करारात आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याखालील दत्तक नियमावलीत ‘मूळ शोध’ ही स्वतंत्र तरतूद आहे. सध्या २०२२ ची नियमावली लागू आहे. दत्तक व्यक्तीने विचारणा केली की विशेष दत्तक संस्था, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, राज्य दत्तक यंत्रणा किंवा केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण म्हणजे ‘कारा’, यांपैकी ज्याच्याकडे ती गेली असेल त्याने तिला मदत करायची आहे. अर्जदार अठरा वर्षांखालील असेल तर दत्तक पालकांसह अर्ज करावा लागतो. मूल अनाथ किंवा सोडून दिलेले असेल तर ते कुठून आले, कोणत्या परिस्थितीत दाखल झाले आणि दत्तकाची प्रक्रिया कशी झाली, हे सांगता येते. ‘आमच्याकडे असे काही देत नाहीत’ हे टेबलावरचे उत्तर म्हणूनच नियमात बसत नाही.

गैरसमज : अठरा पूर्ण झाली की आईचे नाव मिळते

मूल समर्पित करताना, म्हणजे स्वतःहून त्याच्यावरचा हक्क सोडताना, आईवडिलांनी ओळख गुप्त ठेवायला सांगितले असेल, तर नाव देण्यापूर्वी संस्थेने किंवा बाल कल्याण समितीने त्यांची संमती घ्यायची असते. त्यांनी नकार दिला किंवा ते सापडलेच नाहीत, तर मूल कोणत्या कारणाने, कोणत्या परिस्थितीत समर्पित झाले, एवढे दत्तक व्यक्तीला सांगायचे. मुलाचा हक्क जन्मदात्यांच्या खासगीपणावर कुरघोडी करणार नाही, असे नियमावली स्पष्ट म्हणते. यावर आक्षेप वजनदार आहे. समर्पणपत्रावर सही आईने केली, मुलाने नाही. मग तिच्या अटीचे ओझे त्याने जन्मभर का वाहावे? आनुवंशिक आजारांची माहिती त्याला नको का? इंग्लंडने १९७५ च्या कायद्याने अठरा वर्षांवरील दत्तकांना मूळ जन्मदाखला खुला केलाच ना?

आक्षेपाचा अर्धा भाग मान्य करायला हवा. आजार, वय, प्रसूतीची परिस्थिती, ही माहिती नाव न सांगताही देता येते आणि ती नाकारण्याला काहीच आधार नाही. नावाचे मात्र वेगळे आहे. तीस वर्षांपूर्वी लग्नाआधी बाळंत झालेली मुलगी आज तासगाव किंवा कराड तालुक्यातल्या एखाद्या गावात सासू झालेली असू शकते. नवऱ्याला ठाऊक नाही, मुलांना ठाऊक नाही. गावात अनोळखी माणूस येऊन चौकशी करू लागला की संध्याकाळपर्यंत ती बातमी पारावर पोचते. महानगरातल्या बाईला निनावीपणाचा आडोसा असतो, तो हिला नाही. म्हणून तिला आधी गुपचूप विचारावे, तिचे ‘हो’ यावे, मग भेट व्हावी, हा क्रम योग्य ठरतो. उणीव आहे ती दुसरीकडे. इंग्लंडमध्ये दोन्ही बाजूंना स्वेच्छेने नाव नोंदवून ठेवायला संपर्क-नोंदवही आहे. आपल्या नियमावलीत तशी सोय नाही. शोध सुरू करण्याचा मार्ग दत्तक व्यक्तीलाच आहे. आईचे मन पुढे बदलले तरी ‘मी भेटायला तयार आहे’ हे कळवण्याची ठरलेली जागा तिच्यापाशी नाही.

गैरसमज : माहिती अधिकार, समाजमाध्यमे किंवा डीएनए चाचणीने काम भागते

माहिती अधिकाराच्या कायद्यात दुसऱ्याची खासगी माहिती नाकारण्याची तरतूद आहे आणि दत्तक नियमावलीने तिऱ्हाइताला मूळ शोधाची परवानगीच दिलेली नाही. शेजारी, पत्रकार किंवा उत्साही कार्यकर्ता यांना ही फाइल मागता येत नाही. संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचे नाव किंवा फोटो प्रसिद्ध करणे तर बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाखाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. डीएनए चाचणी नाते सांगू शकते, पण समोरच्या घरातल्या कोणीतरी आधी तीच चाचणी केलेली असावी लागते. शिवाय एखादा चुलतभाऊ जुळला म्हणजे आईची संमती मिळाली असे होत नाही. संस्थेला टाळून घेतलेल्या या वाटेवर धक्का बसतो तो नेमका जिला वाचवायचे तिलाच.

गैरसमज : सगळे कागद एका कार्यालयात असतात

शोध अडतो तो बहुधा इथे. कोणत्या काळात, कोणत्या कायद्याखाली दत्तक झाले, त्यावर कागदाची जागा ठरते. नात्यातले दत्तक असेल तर दत्तकपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेले असू शकते. त्यात देणारे-घेणारे दोघांचीही नावे असतात. मात्र ही नोंदणी सक्तीची नसल्याने पुष्कळ दत्तके कागदाविना झाली. संस्थेतून हिंदू कुटुंबात गेलेल्या मुलाची जुनी फाइल जिल्हा न्यायालयात निघू शकते. परदेशी गेलेल्यांच्या जुन्या प्रकरणांत १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखालचे आदेश पाहावे लागतात. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात, म्हणजे त्यानंतरचा कागद जिल्हाधिकारी कार्यालयात. मूल मिरज जंक्शनवर सापडले असेल तर पहिली नोंद लोहमार्ग पोलिसांकडे. जुन्या जन्मनोंदीसाठी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, पाहावे लागते. आणि एक खास इथली मेख : सांगली संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. त्यामुळे पन्नाशीच्या दशकातला मिरजेचा कागद ‘दक्षिण सातारा’ या नावाने शोधावा लागतो. त्या जिल्ह्याचे नाव ज्याला माहीत नाही, तो चुकीच्या शहरात खेटे घालत राहतो.

दवाखान्यातून परस्पर ‘देऊन टाकलेल्या’ मुलांचा कागद तर कुठेच नसतो. अशी देवघेव कोणी दयेने केली असे सांगितले जाते, पण आज ती गुन्हा आहे आणि पैसे घेतले असतील तर मुलाची विक्री. त्या मुलाच्या जन्मदाखल्यावर सरळ घेणाऱ्यांचीच नावे चढतात. पुढे त्याला कोणतीही संस्था मदत करू शकत नाही, कारण शोधायला सुरुवातीचे टोकच उरलेले नसते.

गैरसमज : मूळ सापडले की मूल परत जाते, वाटणी मागते

वैध दत्तक रद्द करता येत नाही, असे १९५६ च्या कायद्याचे १५ वे कलम सांगते. बाल न्याय कायद्याप्रमाणेही दत्तकाच्या आदेशापासून मूल कायद्याने नव्या घरचेच होते. जन्मघरच्या मालमत्तेत त्याला नंतर हिस्सा मिळत नाही. दत्तक जाण्याआधीच त्याच्या नावे झालेले तेवढे अपवाद. म्हणून जन्मदात्यांच्या घरी जमिनीच्या वाटणीची भीती आणि दत्तक घरी मूल गमावण्याची भीती, दोन्हींना कायद्यात आधार नाही. राहते ती भावनेची भीती. तीही मूळ शोधल्याने जितकी वाढते, त्याहून जास्त वाढते ती दत्तक असल्याचे चुलत्याच्या किंवा मावशीच्या तोंडून अचानक कळल्याने.

यातून कामे ठरतात ती साधी आहेत. दत्तक पालकांनी आदेशाची प्रत, संस्थेचा बालअभ्यास अहवाल आणि वैद्यकीय कागद सांभाळून ठेवावेत आणि मुलाला लहानपणीच सांगावे. जुन्या संस्था बंद पडताना त्यांच्या दाखल-नोंदवह्या रद्दीत न जाता जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जमा व्हाव्यात. समर्पण करणाऱ्या आईला आपली गुप्ततेची अट पुढे कधीही सैल करता यावी, अशी नोंदवही राज्याने सुरू करावी. आईच्या गुपिताला कायद्याने जे संरक्षण दिले, ते देताना मुलाच्या वाट्याचा कागद जपण्याची जबाबदारीही राज्याने आणि संस्थांनी घेतलेली आहे. पहिला शब्द पाळून दुसरा मोडला, तर त्या गुप्ततेला न्याय म्हणता येणार नाही.