मामाची पद्मिनी रिटर्न्स!
मुंबईची काळी-पिवळी मूळची इटालियन, हे माहितीये? फियाट ११०० चा हा देशी अवतार कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनायचा. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी. ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटच्या पद्मिनी टॅक्सीला निरोप देताना इन्स्टावर सगळेच हळहळले. पण ती २० वर्षांची वयोमर्यादा टॅक्सीसाठी होती. खासगी पद्मिनी अजून धावतायत. आणि पूर्वी ती विकून मारुती घेतलेले लोक आता पुन्हा तीच शोधतायत.

माझा मामा त्यातलाच. आधी वाटलं, पन्नाशीचं खूळ! मग एकदा त्याच्या शेजारी बसले. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. पुढची सीट सलग, त्यामुळे तिघं आरामात. थंडीत चोक ओढल्याशिवाय बाई जाग्या होत नाहीत. पॉवर स्टिअरिंग नाही, म्हणजे पार्किंग करताना जिमचे पैसे वाचले. वीस वर्षं ऑटोमॅटिक चालवलेला मामा घामाघूम होऊन हसत होता.

खरी डोकेदुखी कागदांची. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी करून आरसी रिन्यू करायची. २०२१ च्या नियमांत ‘व्हिंटेज’ म्हणजे ५० वर्षांहून जुनी गाडी. मामाची पद्मिनी १९९६ ची. म्हणजे २०४६ पर्यंत सरकारदरबारी ती नुसतीच जुनी गाडी! आणि कार्ब्युरेटर जमणारे मेकॅनिक म्हातारे होतायत. मामाचे तर सत्तरीचे आहेत. म्हणून दर रविवारी मी त्यांच्याकडे कार्ब्युरेटर उघडायला शिकतेय.