जड धातू आणि वनस्पती

जस्त, तांबे आणि निकेल हे जड धातू वनस्पतींना अत्यल्प प्रमाणात लागतात. शिसे, कॅडमियम आणि पारा यांचा त्यांना काहीच उपयोग नसतो, तरीही ते मुळांतून आत शिरतात. अन्नद्रव्ये आत घेणारी मुळांतील वाहक प्रथिने सारख्या दिसणाऱ्या आयनांमध्ये काटेकोर भेद करत नाहीत. त्यामुळे कॅडमियम लोह, जस्त व मँगनीज यांच्या वाटेने आत येते, तर धातुसदृश आर्सेनिक फॉस्फेटच्या वाटेने. भातखाचरात पाणी साचून मातीतला प्राणवायू संपला की आर्सेनिकचे रूप पालटते आणि ते सिलिकाच्या वाटेने रोपात जाते.

पेशीत पोहोचलेले हे धातू विकरांना चिकटून त्यांचे काम थांबवतात. मुळांची वाढ खुंटते, हरितद्रव्य घटते, पाने पिवळी पडतात.

वनस्पती याला अनेक प्रकारे तोंड देतात. काही धातू पेशीभित्तिकेतच अडकून राहतो. आत आलेल्या कॅडमियमसारख्या धातूला फायटोकेलॅटिन नावाची छोटी पेप्टाइडे जखडतात. त्यांचा शोध जर्मनीत 1985 साली प्रसिद्ध झाला. जखडलेला धातू पेशीतील रिक्तिकेत कोंडला जातो, म्हणजे उरलेल्या पेशीला त्याची झळ लागत नाही.

ही कोठडी कोणत्या अवयवात आहे, याला मोठे महत्त्व आहे. बहुतेक वनस्पती धातूचा मोठा भाग मुळांतच ठेवतात. सुमारे 700 जाती मात्र तो पाना-खोडांत साठवतात. न्यू कॅलेडोनियातील पिक्नँड्रा अ‍ॅक्युमिनाटा या झाडाच्या वाळलेल्या चिकात वजनाच्या सुमारे 25 टक्के निकेल आढळते. टेरिस व्हिटाटा हे नेचे आर्सेनिक पानांत साठवते, हे 2001 साली फ्लोरिडातील संशोधकांनी दाखवले.

पीक हिरवेगार दिसले म्हणून धान्य निर्धोक ठरत नाही. जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीत खाणीतले कॅडमियम मिसळत होते. त्या पाण्यावर पिकलेल्या भातातून, तसेच पिण्याच्या पाण्यातून ते लोकांच्या शरीरात गेले आणि हाडे ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ रोग पसरला. 1968 साली सरकारने तो प्रदूषणजन्य असल्याचे मान्य केले.

धातू साठवणाऱ्या वनस्पती लावून दूषित जमीन स्वच्छ करता येते. त्याला अनेक वर्षे लागतात, कारण प्रत्येक कापणीबरोबर थोडाच धातू बाहेर पडतो. शिवाय धातू नष्ट होत नसल्याने कापलेल्या पाल्याची विल्हेवाट सुरक्षितपणेच लावावी लागते.